शाडूच्या मातीतून स्मायलोडॉन घडवताना: आधी कवटी, मग कातडी

विज्ञान प्रदर्शनासाठी खड्गदंती मार्जाराची, म्हणजे स्मायलोडॉनसारख्या लांब सुळ्यांच्या, आता नामशेष झालेल्या मांजरवर्गीय प्राण्याची प्रतिकृती करायची ठरली की बहुतेक जण आधी वाघ घडवतात आणि शेवटच्या दिवशी त्याच्या तोंडाला दोन लांब सुळे चिकटवतात. अशा प्रतिकृतीत कारागिरी कितीही चांगली असली तरी तो प्राणी स्मायलोडॉन होत नाही, कारण त्याचे सुळे हा वरून घातलेला दागिना नव्हता. त्या सुळ्यांमुळे जबड्याचा सांधा, मानेचे स्नायू, पुढच्या पायांची जाडी आणि उभे राहण्याची ढबसुद्धा वेगळी झाली होती. गेली काही वर्षे शालेय प्रदर्शनांतील अशा प्रतिकृती जवळून पाहताना त्याच चुका पुन्हा पुन्हा आढळल्या आणि त्यांतील बहुतेक चुका क्रम उलटा घेतल्यामुळे होतात, अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून येथे शाडूच्या मातीत, मूळ प्राण्याच्या एकपंचमांश आकाराची प्रतिकृती करण्याचा क्रम सविस्तर दिला आहे. रोज दोन तास दिले तर घडवण्याचे काम साधारण आठवड्याभरात होते, मात्र वाळवण्यासाठी आणखी दहा-बारा दिवस हाताशी ठेवावेत.

टप्पा १: कोणता प्राणी, हे आधी कागदावर लिहावे

'खड्गदंती मार्जार' हे एका प्राण्याचे नाव नसून मोठ्या गटाचे नाव आहे. त्यांना 'खड्गदंती वाघ' म्हणण्याची पद्धत असली तरी ते वाघाचे पूर्वज नव्हते. आजच्या मांजरवर्गीय प्राण्यांपासून त्यांची शाखा सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. या गटात स्मायलोडॉन होता, होमोथेरियम होता आणि आपल्याकडच्या, हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या थरांत ज्याचे अवशेष सापडले आहेत तो मेगँटेरिऑनही होता. भारतातील प्राणी करावा असा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र शिवालिकचे अवशेष तुटपुंजे आहेत आणि पहिल्याच प्रतिकृतीसाठी संपूर्ण सांगाडा उपलब्ध असलेला प्राणी निवडणे शहाणपणाचे ठरते.

या दृष्टीने उत्तर अमेरिकेतील स्मायलोडॉन फेटॅलिस ही जात सर्वांत सोयीची आहे. लॉस एंजेलिस शहरातील ला ब्रेआ येथे नैसर्गिक डांबराच्या झऱ्यांमध्ये या जातीच्या दोन हजारांहून अधिक प्राण्यांची हाडे सापडली आहेत, त्यामुळे तिच्या सांगाड्याची स्पष्ट छायाचित्रे सहज मिळतात. दक्षिण अमेरिकेतील स्मायलोडॉन पॉप्युलेटर ही जात यापेक्षा बरीच मोठी होती आणि तिचा सुळा २८ सेंटिमीटरपर्यंत भरत असे. हा आकडा घेऊन तो फेटॅलिसच्या डोक्याला लावणे ही फार आढळणारी चूक आहे.

पडताळणी: तुमच्या वहीतील शरीराची लांबी, खांद्याची उंची, कवटी आणि सुळा ही चारही मापे एकाच जातीची आहेत ना, हे पाहूनच पुढे जावे.

टप्पा २: मापे आणि पूर्ण आकाराची आकृती

फेटॅलिसची खांद्यापाशी उंची सुमारे १०० सेंटिमीटर, डोके व धड मिळून लांबी सुमारे १७५ सेंटिमीटर आणि वजन १६० ते २८० किलो होते. कवटी साधारण ३० सेंटिमीटर आणि सुळा मुळासह सुमारे १८ सेंटिमीटर धरावा. एकपंचमांश प्रमाणात ही मापे उंची २०, लांबी ३५, कवटी ६ आणि सुळा ३.६ सेंटिमीटर अशी होतात.

ही मापे घेऊन कार्डशीटवर प्रतिकृतीच्याच आकाराची एका बाजूची आकृती काढावी आणि ती आकृती सांगाड्याची असावी. कणा, खांद्याचे पाते, कोपर, मनगट, गुडघा आणि टाच ही ठिकाणे ठळक ठिपक्यांनी दाखवावीत. पुढे तार वाकवताना आणि माती चढवताना प्रत्येक वेळी प्रतिकृती या कागदाशेजारी धरून पाहायची आहे, म्हणून तो कागद भिंतीवर लावून ठेवावा.

आकृती काढताना तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली म्हणजे कंबरेचा भाग आखूड असतो आणि पाठ खांद्याकडून पुठ्ठ्याकडे किंचित उतरती असते. दुसरी, मागचे पाय पुढच्या पायांच्या मानाने आखूड आणि कमी भरदार असतात. तिसरी शेपटीची. स्मायलोडॉनला वाघासारखी झुपकेदार, लांब शेपूट नव्हती. त्याची शेपूट आखूड होती आणि ती टाचेपर्यंतही पोहोचत नव्हती. मी पाहिलेल्या दहापैकी आठ प्रतिकृतींत शेपूट लांब होती, कारण करणाऱ्याच्या हाताला वाघाची सवय होती.

टप्पा ३: मातीची चाचणी

शाडू वाळताना आकसतो आणि किती आकसतो हे त्या मातीवर, तसेच तुम्ही घातलेल्या पाण्यावर अवलंबून असते. यासाठी कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. माती चाळून, रात्रभर भिजवून, चांगली तिंबून घ्यावी. तिच्यात पिंजलेला कापूस थोडा थोडा मिसळत पुन्हा तिंबावी, म्हणजे वाळताना ती धरून राहते. गणपतीचे मूर्तिकार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मग त्याच मातीची बोटभर जाड पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि ती सावलीत पूर्ण वाळू द्यावी. समजा, वाळल्यावर खुणांमधील अंतर ९.५ सेंटिमीटर भरले, तर ६ सेंटिमीटरचे डोके मिळण्यासाठी ओल्या मातीत ते ६.३ सेंटिमीटरचे करावे लागेल. हा हिशेब सुळ्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो, कारण सुळे मातीचे नसल्यामुळे ते आकसणार नाहीत.

टप्पा ४: सुळे सर्वांत आधी करावेत

मातीचे सुळे हमखास तुटतात. ते एम-सीलसारख्या दोन भाग एकत्र मळून घट्ट होणाऱ्या पुट्टीचे करावेत आणि मळताना हातमोजे घालावेत. आत बारीक तारेचा तुकडा ठेवला तर टोक मजबूत होते.

सुळ्याचा आकार हस्तिदंतासारखा गोल करू नये. तो दोन्ही बाजूंनी चपटा असतो, आडवा छेद घेतला तर लंबगोल दिसतो आणि त्याच्या पुढच्या व मागच्या कडांवर अगदी बारीक दाते असतात. एकपंचमांश आकारात हे दाते दाखवता येत नाहीत. ते कोरण्याचा अट्टाहास केला तर सुळा करवतीसारखा दिसतो, म्हणून कडा फक्त पातळ ठेवाव्यात. सुळ्याची वक्रता मागच्या दिशेला असते.

येथे मापाची एक मोठी गल्लत होते. पुस्तकांत दिलेली १८ सेंटिमीटर ही लांबी सबंध दाताची, म्हणजे मुळासह असते. सुमारे तृतीयांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कवटीच्या हाडात रुतलेला असतो. तुम्ही ३.६ सेंटिमीटरचा सुळा पूर्णच्या पूर्ण ओठाबाहेर लोंबू दिला, तर प्राण्याला तोंड मिटताही येणार नाही असे रूप होते. उलट, सबंध लांबीचा सुळा करून त्याचे मूळ डोक्यात रोवले तर मापही बरोबर येते आणि सुळा पक्काही बसतो.

इशारा: तयार सुळा ओल्या मातीत रोवून तसाच वाळू देऊ नये. भोवतालची माती आकसते, सुळा आकसत नाही आणि वरचा जबडा नेमका त्याच जागी तडकतो. पुढे सांगितल्याप्रमाणे फक्त खाच करून ठेवावी.

टप्पा ५: तारेचा सांगाडा

मुख्य कणा आणि चारही पाय यांसाठी १२ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार पुरेशी आहे. कणा डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकाच तारेचा ठेवावा, पुढच्या पायांची एक आणि मागच्या पायांची एक अशा दोन तारा त्याला बाइंडिंगच्या बारीक तारेने घट्ट आवळाव्यात. पायांच्या तारा तळाशी चार-पाच सेंटिमीटर जास्त ठेवून फळीतील भोकांतून खाली काढाव्यात आणि खालून वाकवाव्यात.

तारेला माती थेट चिकटत नाही, म्हणून सगळ्या तारेवर सुतळी गुंडाळावी. सुतळीचा दुसरा उपयोग असा की माती आकसू लागली की तिला आत दबायला थोडी जागा मिळते. धडासाठी वर्तमानपत्राचा घट्ट बोळा दोऱ्याने बांधून कण्याखाली बसवावा, म्हणजे मातीचा थर कोठेही दीड सेंटिमीटरपेक्षा जाड होणार नाही. पोटाखाली विटेचा किंवा लाकडाचा टेकू द्यावा, कारण ओल्या मातीचे वजन चार तारा पेलत नाहीत आणि रात्रीतून प्राणी बसका होतो.

पडताळणी: माती लावण्यापूर्वी सांगाडा आकृतीशेजारी धरून मनगट आणि टाच पाहावी. मांजरवर्गीय प्राणी बोटांवर चालतात, त्यामुळे टाच जमिनीपासून बरीच वर, मागच्या बाजूला येते. टाच जमिनीला टेकलेली असेल तर तार आत्ताच वाकवून घ्यावी, पुढे ते होणार नाही.

टप्पा ६: धड, मान आणि पुढचे पाय

माती स्नायूंच्या क्रमाने चढवावी. प्रथम बरगड्यांचा पिंजरा, मग खांद्याची पाती, मग मान. स्मायलोडॉनच्या चाव्याचा जोर सिंहाच्या मानाने कमी होता. भक्ष्याला आधी दणकट पुढच्या पायांनी जमिनीवर दाबून धरायचे आणि मग मानेच्या ताकदीने सुळे खाली घालायचे, अशी त्याची रीत असावी, असे त्याच्या हाडांवरून दिसते. क्ष-किरण चित्रांतून त्याच्या पुढच्या पायाच्या दंडाचे हाड आजच्या मांजरवर्गीय प्राण्यांच्या मानाने जाड भिंतीचे असल्याचे आढळले आहे. सुळा बाजूने ताण आला तर मोडण्याचा धोका होता आणि म्हणूनच धडपडणारे भक्ष्य स्थिर ठेवणे त्याला भाग होते.

याचा मातीतील अर्थ असा की छाती, खांदे आणि पुढचे पाय अस्वलासारखे भरदार हवेत आणि मान लांब व जाड हवी, पण गालांचे स्नायू सिंहासारखे फुगीर नकोत. चित्त्याची सडसडीत कंबर येथे मुळीच चालत नाही. पुढच्या पंजाला पाच बोटे असतात. आतल्या बाजूचे पाचवे बोट जमिनीला टेकत नाही, तरी त्याची नखी मोठी असते. मागच्या पंजाला चार बोटे करावीत. उभ्या किंवा चालत्या प्राण्याच्या नख्या आत ओढलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक बोटाला खिळ्यासारखी नखी लावू नये.

टप्पा ७: डोके

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. दोन पूर्ण बैठका लागल्या तरी हरकत नाही.

प्रथम केवळ कवटी करावी. डोळ्यांच्या खोबणी, नाकाचे छिद्र, गालाच्या हाडाची कमान आणि मागचा उंचवटा हे सर्व कातडीविना घडवावे. वरच्या जबड्याच्या टोकाला सहा पटाशीचे दात असतात. आजच्या वाघात ते जवळजवळ सरळ रेषेत असतात, स्मायलोडॉनमध्ये ते मोठे, शंकूच्या आकाराचे आणि पुढे आलेल्या कमानीत असतात. त्यांच्या मागे थोडी मोकळी जागा आणि त्यानंतर सुळा. ही मोकळी जागा विसरली जाते. तोंड मिटल्यावर खालचा लहान सुळा तेथेच बसतो, म्हणून ती ठेवली नाही तर खालचा जबडा पुढे कोठेच बसत नाही. खालचे सुळे लहान असतात, त्यांना वरच्यासारखे लांब करू नये.

आता खाच करावी. सुळ्याच्या मुळाएवढी लाकडी काडी घेऊन तिच्यावर कागदाचा एक वेढा द्यावा, तो तेलाने ओला करावा आणि काडी वरच्या जबड्यात योग्य कोनात खुपसावी. सुळे खाली आणि जरासे मागे जातात. ते पुढे किंवा बाहेरच्या बाजूला पसरलेले नसतात. दोन्ही काड्या समोरून, बाजूने आणि वरून पाहून जुळवाव्यात. माती इतकी घट्ट झाली की नखाने दाबल्यास खूण उठते पण बोटाला चिकटत नाही, त्या वेळी काड्या हलकेच फिरवत काढून घ्याव्यात.

तोंड मिटलेले ठेवावे की उघडे, हा निर्णय या टप्प्याआधीच व्हायला हवा. माझे मत मिटलेल्या तोंडाच्या बाजूने आहे. मिटलेल्या तोंडात सुळे खालच्या जबड्याच्या बाहेरून, दोन्ही बाजूंनी हनुवटीच्या खाली उतरताना दिसतात आणि ते पाहणाऱ्याला जास्त काही शिकवतात. तोंड उघडेच ठेवायचे असेल तर कोन मोजावा. सिंहाचा जबडा जास्तीत जास्त ६५ ते ७० अंशांपर्यंत उघडतो, स्मायलोडॉनचा सुमारे १२० अंशांपर्यंत उघडू शकत असे. मात्र ती चावा घेण्याच्या क्षणाची अवस्था आहे. सिंहाएवढेच तोंड उघडले तर सुळ्यांची टोके खालच्या जबड्यापासून फारशी दूर जात नाहीत आणि एवढे मोठे सुळे असूनही प्राण्याला काही पकडता येणार नाही, असे चित्र तयार होते.

त्यानंतर ओठ. ओठ लोंबते करून सुळे झाकण्याचा प्रयोग काही जण करतात. स्पेनमधील प्राणीचित्रकार मॉरिसियो अँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये होमोथेरियमच्या चेहऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार होमोथेरियमचे तुलनेने आखूड सुळे बहुधा ओठांआड झाकलेले असत, स्मायलोडॉनचे मात्र उघडे दिसत. म्हणजे एकाच गटातील दोन प्राण्यांना एकच तोंड देता येत नाही. तुम्ही स्मायलोडॉन करत असाल तर ओठ आजच्या मांजरवर्गीय प्राण्यांइतकेच ठेवावेत आणि सुळे मोकळे ठेवावेत.

टप्पा ८: वाळवणे

पहिल्या प्रतिकृतीच्या वेळी मी तिसऱ्या रात्री पंखा लावून झोपलो आणि सकाळी मानेभोवती बोट जाईल एवढी भेग पडलेली होती. मान जाड, कान व पाय पातळ आणि वारा एकाच बाजूने लागल्यामुळे एक बाजू आधी आकसली होती. तेव्हापासून मी कान, शेपूट, पंजे आणि ओठांच्या कडा यांवर ओलसर सुती फडक्याच्या पट्ट्या ठेवतो आणि जाड भाग उघडे ठेवतो, म्हणजे सर्व भाग साधारण एका वेगाने वाळतात. प्रतिकृती सावलीत ठेवावी, दिवसातून दोनदा फळी फिरवावी आणि टेकू चौथ्या-पाचव्या दिवसाआधी काढू नये.

बारीक भेगा पडल्या तर त्याच मातीची पातळ राबडी कुंचल्याने भरावी. रुंद भेगेत ओली माती भरली तर ती पुन्हा आकसून पडते. तेथे कागदाचा लगदा आणि फेव्हिकॉल यांचे मिश्रण वापरावे. सर्व वाळल्यावर सुळे खाचेत बसवून पाहावेत, खाच आकसली असेल तर सँडपेपर गुंडाळलेल्या काडीने मोठी करावी आणि मग लगदा-फेव्हिकॉलनेच सुळे पक्के करावेत.

टप्पा ९: रंग

स्मायलोडॉनची कातडी सापडलेली नाही, त्यामुळे त्याचा रंग अनुमानानेच द्यावा लागतो. रशियाच्या याकुतिया प्रांतात बद्यारीखा नदीकाठी २०२० मध्ये गोठलेल्या जमिनीत होमोथेरियमचे साधारण तीन आठवड्यांचे पिल्लू केसांसह सापडले आणि त्याचे वर्णन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची लव गडद तपकिरी होती. हा शोध फार मोलाचा आहे, पण तो होमोथेरियमचा आणि तोही पिल्लाचा पुरावा आहे. स्मायलोडॉनला तपकिरी रंग देऊन त्याखाली 'सिद्ध झालेला रंग' असे लिहू नये.

वाघाचे पट्टे टाळावेत, कारण ते पाहताच बघणारा 'खड्गदंती वाघ' म्हणू लागतो. ला ब्रेआच्या दातांतील रासायनिक पुराव्यावरून स्मायलोडॉन झाडीतील भक्ष्यांवर जगत असावा, असे अनुमान आहे. त्या दृष्टीने मातकट पिवळ्यावर फिकट ठिपके हा एक सावध पर्याय आहे. शाडू भाजलेला नसल्यामुळे रंगाच्या पाण्याने विरघळतो, म्हणून आधी पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात जवळजवळ कोरड्या कुंचल्याने द्यावा, तो वाळू द्यावा आणि मगच पुढचे हात द्यावेत. सुळे शुभ्र पांढरे न ठेवता मुळाकडे पिवळसर करावेत.

टप्पा १०: देखावा आणि माहितीपत्रक

उत्तम प्रतिकृती चुकीच्या देखाव्यात ठेवली की सगळी मेहनत वाया जाते. शेजारी डायनोसॉर ठेवू नये. पक्षी वगळता बाकीचे डायनोसॉर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले, तर स्मायलोडॉन साधारण १० ते १३ हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. ला ब्रेआच्या देखाव्यात बर्फ पसरू नये, तेथे ज्युनिपर आणि ओक यांसारखी झाडी दाखवावी. सोबतीला डायर लांडगा, प्राचीन बायसन, जमिनीवर राहणारा स्लॉथ किंवा कोलंबियन मॅमथ चालेल, दाट केसांचा लोकरी मॅमथ चालणार नाही.

काळ्या तळ्यात बुडणारा प्राणी दाखवण्याची पद्धतही सोडून द्यावी. प्राणी खोल डांबरात बुडून मरत नसत. काही सेंटिमीटर जाडीच्या चिकट थरात पाय अडकणेही पुरेसे होते आणि अडकलेल्या जनावरामागे आलेले शिकारी तेथेच फसत. आज ला ब्रेआला दिसणारे मोठे तळे जुन्या काळी डांबर काढल्याने पडलेल्या खड्ड्यात पाणी साठून झालेले आहे. देखाव्यात पाने आणि माती पसरलेला, मधूनच चमकणारा काळा पट्टा दाखवावा. तो चटकन ओळखू येऊ नये, म्हणूनच प्राणी त्यात फसत असत.

माहितीपत्रकावर जातीचे पूर्ण नाव, प्रमाण १:५, काळ आणि ठिकाण लिहावे. त्याखाली दोन वेगळ्या ओळी असाव्यात: 'हाडांवरून निश्चित: सुळे, आखूड शेपूट, शरीराची ठेवण' आणि 'अनुमानाने: रंग, ठिपके, केसांची लांबी'. परीक्षकांनी विचारले तर मोजमापांचा कार्डशीट दाखवता यावा, म्हणून तो घडी न करता गुंडाळून सोबत न्यावा, आणि प्रतिकृती उचलताना नेहमी फळीला दोन्ही हातांनी धरावे, प्राण्याच्या मानेला किंवा पोटाला धरून कधीही उचलू नये.